दोरा बांधलेल्या गोळ्या

आमच्या घरातल्या गोळ्यांना दोरे बांधलेले असायचे. तापाच्या गोळीला तांबडा, पोटाच्या गोळीला काळा, अंगदुखीच्या गोळीला पांढरा. माझी माय शाळेत गेलेली नाही, पण तिचं माहेर मेंढरांचं. अजिंठ्याच्या बाजूला तिच्या वडिलांचा कळप होता. आपलं मेंढरू कोणतं आणि चुलत्याचं कोणतं, हे ती लोकरीवरच्या रंगावरून आणि कानाच्या कापीवरून लांबूनच सांगायची. शहरात आल्यावर तीच रीत तिनं गोळ्यांना लावली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिचा कळप होता, आणि त्यातली एकही गोळी तिच्या हिशोबानं कधी चुकत नव्हती.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, आणि तिथं राग लिहायचा नसतो. हा राग मात्र गेले कित्येक महिने जात नाही, म्हणून लिहिते आहे.

माय पुंडलिकनगरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. त्या घरांतून आमच्याकडं बरंच काही यायचं. उरलेल्या चपात्या, उसवलेले स्वेटर, भाऊबीज झाल्यावरचा फराळ. आणि औषधं. कुणाचा खोकला बरा झाला की अर्धी बाटली, कुणाची डॉक्टरांनी गोळी बदलली की आधीच्या गोळ्या. देताना वाक्य ठरलेलं असायचं, "मावशी, घेऊन जा, नाहीतर वाया जातील." मायला हे पटायचं. अन्न आणि औषध उकिरड्यावर टाकू नये, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं होतं. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट ती माणसं चांगली आहेत, असंच वाटायचं.

आमची वस्ती पत्र्याच्या खोल्यांची आहे, एका ओळीत दहा-बारा घरं. कुणाचं डोकं दुखलं, कुणाच्या लेकराला जुलाब झाले की बाया मायकडं यायच्या. शेजारची काकू दारातूनच म्हणायची, "डॉक्टरीणबाई, फी किती तुमची?" माय डबा उघडत म्हणायची, "फी नको. उद्या टँकर आला की माझ्या घागरीला नंबर धर." काकू नंबर धरायची. चार घरच्या खरकट्यात हात घालणारी माझी माय वस्तीत डॉक्टरीण होती, आणि मला त्याचा अभिमान होता. ते मी लपवणार नाही.

पाकिटावरचं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझं. पण वाचायला पाकीट पुरं असावं लागतं. मेडिकलवाले गोळ्या मागाल तितक्या देतात. दहाच्या पाकिटातल्या चार हव्या असतील तर कात्रीनं चार कापून देतात. नाव आणि तारीख एखाद्या तुकड्यावर जाते, दुसऱ्यावर नुसती चकचकीत चांदी राहते. आमच्याकडं येणारे बहुतेक तुकडे चांदीचेच असायचे. मग देणाऱ्या बाईनं तोंडानं जे सांगितलं तेच त्या गोळीचं नाव. माय ते कानात धरून घरी यायची आणि दोरा बांधायची.

मागच्या हिवाळ्यात पुंडलिकनगरच्या एका घरचे म्हातारे आजोबा वारले. तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी कपाट आवरलं. मायला एक शाल दिली, आजोबांची काठी दिली आणि औषधांनी गच्च भरलेली कापडी पिशवी दिली. त्यातल्या काही गोळ्या वेगळ्या काढून त्या म्हणाल्या, की या तर आता-आताच आणलेल्या, आजोबांना खायलाही मिळाल्या नाहीत. डॉक्टरांनी पावर वाढवून दिली होती, ही जास्त पावरची आहे.

त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. गोळीचं प्रमाण वाढवलं होतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण आमच्याकडं पावर म्हणजे ताकद. दुखण्यातून उठलेल्या माणसाला आम्ही म्हणतो, अंगात पावर राहिली नाही. थकलेल्या बैलालाही तसंच म्हणतो. मायनं ऐकलं ते हे, की श्रीमंताघरची, महागाची, ताकदीची गोळी आहे.

आणि तेव्हा घरात ताकदीची गरज होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शहागंजातल्या एका गोदामावर राखणदार आहेत. त्यांना आठवडाभर ताप येऊन गेला होता. ताप उतरला, पण चार पावलं चालले की भिंतीला हात लावायचे. मायनं त्या गोळ्यांना हिरवा दोरा बांधला. हिरवा रंग तोवर कशालाच नव्हता.

संध्याकाळी मी इंटर्नलच्या परीक्षेचं वाचत बसले होते. माय तो तुकडा घेऊन माझ्याजवळ आली.

"बघ गं बाई, पावरचीच हाय ना ही?"

मी तुकडा उलटसुलट पाहिला. कापलेल्या कडेला नावातली शेवटची तीन अक्षरं होती आणि दोनचा आकडा. मला काहीच कळलं नाही. मी रसायनशास्त्र शिकते. घरात, वस्तीत सगळ्यांना वाटतं हिला गोळ्यांतलं कळतं. मला कळत नाही, हे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत.

"असंल," मी म्हणाले आणि पुस्तकात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं आबांना कोऱ्या चहाबरोबर त्या गोळ्या दिल्या. गोळी फार बारीक होती, म्हणून दोन दिल्या. आबांच्या पोटात आदल्या दुपारपासून काही नव्हतं. तापानं त्यांची अन्नावरची वासनाच गेली होती. थोड्या वेळानं त्यांना दरदरून घाम सुटला. थंडीचे दिवस, आणि बनियन पिळून काढावं इतका घाम. हात थरथरायला लागले. ते पांघरुणाची घडी घालायचे, मोडायचे, पुन्हा घालायचे. मला त्यांनी ओळखलं नाही. कुणा पाहुणीला म्हणावं तसं ते मला "बसा, बसा" म्हणत होते. माझ्या बापानं मला अहोजाहो केलं तेव्हा मी जितकी घाबरले, तितकी घाम बघूनही घाबरले नव्हते.

शेजारच्या काकूच्या मुलानं रिक्षा आणली. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून लगेच तपासलं आणि विचारलं, यांना शुगर आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग शुगर उतरवायची गोळी कुणी दिली. मायनं पदराच्या गाठीतून तुकडा काढून पुढं केला. हिरवा दोरा अजून त्याला तसाच होता. डॉक्टरांनी तो दोन बोटांत धरला.

"यावर नाव कुठंय?"

मग ते बोलायला लागले, आणि खोलीतल्या सगळ्या खाटांवरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक ऐकायला लागले. तुम्ही अडाणी लोक कधी सुधारणार नाही. कुणीही काही दिलं की तोंडात टाकायचं. मग माझ्याकडं वळून, की शिकलेली मुलगी घरात असून ही गत. माझ्या बाबतीत ते खरंच होतं. माय मात्र हात जोडून उभी होती. सलाइनमधून साखर आबांच्या अंगात चालली होती आणि ते हळूहळू माणसांत येत होते.

त्या डॉक्टरांनी आबांना वाचवलं. पुढचा दीड दिवस ते आणि तिथल्या सिस्टर दर तासा-दोन तासांनी बोट टोचून बघत राहिले, कारण ती गोळी पुन्हा पुन्हा साखर खाली ओढते. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण एक प्रश्न तिथं कुणीच विचारला नाही. ही गोळी या बाईकडं आली कुठून? कात्री कुणी चालवली? जिला अक्षर येत नाही तिला तोंडी नाव सांगून गोळी कुणी दिली? साखळीतल्या शेवटच्या कडीला सगळ्यांनी झोडपलं, कारण तीच समोर हात जोडून उभी होती.

आबा बरे होऊन घरी आले. मग माझ्या लक्षात आलं की माय गोळ्या खात नाही.

मायला ब्लडप्रेशर आहे. सरकारी आरोग्य केंद्रातून तिला महिन्याच्या गोळ्या मिळतात, अख्खी पाकिटं. तीन वर्षं ती रोज सकाळी न चुकता खायची. आता ती पाकिटं देव्हाऱ्यामागं तशीच पडून होती. मी विचारलं तर म्हणाली, माझा आता कोणत्याच गोळीवर इश्वास नाय. मी वाचून दाखवलं, हे बघ नाव, ही बघ तारीख, ही तुझीच आहे. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. "ती बी तू बघितलीच व्हती की," एवढंच म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नाही, जे झालं ते सांगावं तशी.

आठवडा गेला, दुसरा गेला. तिची मान मागून दुखायला लागली. भांडी घासताना एका घरी तिला अंधारी आली आणि ती मोरीतच बसून राहिली. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी प्रेशर मोजलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच राहिलं तर एखाद्या दिवशी तोंड वाकडं होईल, नाहीतर त्याहून वाईट. त्या दिवशी मी मायसमोर रडले. तेव्हा कुठं ती बोलली.

"त्यो डबा अन ती पिशवी घरात हाय तवर म्या तोंडात गोळी घालणार नाय. माझा हात पुन्हा चुकंल."

मी म्हणाले, आत्ता टाकून येते. मी उठलेही. तिनं मनगट धरलं. टाकणार कुठं? वस्तीच्या टोकाला कचऱ्याचा ढीग आहे. आमच्यातल्याच दोन बाया तिथं रोज कचरा निवडतात आणि त्यांची लेकरं तिथंच खेळतात. चकचकीत पाकीट लेकरू आधी उचलणार. नालीत ओतावं तर शेळ्या त्या नालीला तोंड लावतात. पुरून टाकू म्हटलं, तर तिनं मला लहानपणीची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. मेंढरांच्या गोचिडांचं उरलेलं औषध कुणीतरी ओढ्याच्या काठाला खड्डा करून ओतलं होतं. पुढच्या पावसात तिच्या वडिलांची चांगली धडधाकट मेंढरं त्या ओढ्याचं पाणी पिऊन तडफडून मेली. टाकणाऱ्यानं टाकलं, तो मोकळा झाला, मेलं ते दुसऱ्याचं. असं ती म्हणाली.

ज्या बाईला डॉक्टरांनी अडाणी म्हटलं, तिला हे कळत होतं. ज्यांनी पिशवी दिली त्यांना कळलं नव्हतं. आणि मला, दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला, ते त्या क्षणी कळलं.

मी मोबाइलवर शोधलं. काही ठिकाणी मेडिकलच्या दुकानात पेटी ठेवलेली असते, लोक घरातली उरलेली औषधं त्यात टाकतात आणि ती नीट नष्ट केली जातात, असं वाचलं. मला फार बरं वाटलं. काही ठिकाणी असतं म्हणजे आपल्याकडंही असणारच, असं मी धरून चालले. अजूनही मी असंच धरून चालते, हा माझा दोष असेल.

आजोबांच्या पिशवीत कागदी पुड्या होत्या आणि त्यांच्यावर पुंडलिकनगरातल्याच एका मेडिकलचा शिक्का होता. मी पिशवी घेऊन तिथं गेले. दुकानदारांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि बिल मागितलं. मी म्हणाले पैसे परत नको आहेत. ते गोंधळले. मग काय पाहिजे? मी सांगितलं, की तुम्ही ही घ्या आणि नीट नष्ट करा. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा कळल्यावर ते हसले, आणि शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकही हसलं.

"ताई, हे विकायचं दुकान आहे. घ्यायचं दुकान पुढच्या चौकात, भंगारचं."

मी निघाले असते. कुणी हसलं की मी बहुतेक निघूनच जाते. पण त्यांच्या मागं फळीखाली एक खोका होता आणि त्यावर मार्करनं लिहिलं होतं, एक्सपायरी. आत औषधं भरलेली दिसत होती. मी बोट दाखवून विचारलं, ते काय आहे.

"ते आमचं. तारीख गेलेला माल होलसेलवाल्याकडं परत जातो."

"आणि आमचं?"

"तुमचं तुमच्याकडं."

मला त्या दोन शब्दांचा राग अजून उतरलेला नाही. म्हणजे रस्ता आहे. खोका आहे, न्यायला गाडी आहे, परत घेणारा माणूस आहे. दुकानातल्या फळीवर तारीख गेलेल्या गोळीला परत जायची वाट आहे, कारण तिथं दुकानाचं नुकसान आहे. तीच गोळी काउंटर ओलांडून माणसाच्या घरात आली की तिची वाट बंद. मग ती घरं बदलत खाली खाली येत जाते. बंगल्यातून फ्लॅटमध्ये, फ्लॅटमधून मोलकरणीच्या पदरात, आणि तिथून आबांच्या चहाबरोबर पोटात. काउंटरवर दोरीला बांधलेली कात्री लटकत होती. मी तिच्याकडं बघत राहिले आणि पिशवी घेऊन परतले. असं बोलायला हवं होतं, तसं बोलायला हवं होतं, हे सगळं मला घरी पोचल्यावर सुचलं.

घंटागाडीवाल्यालाही मी विचारलं. तो गंभीरपणे विचार करून म्हणाला, पाकीट सुक्यात टाका अन गोळी ओल्यात. त्याच्या मागं हातमोज्यांशिवाय कचरा निवडणारी बाई होती. मी पिशवी छातीशी धरली आणि मागं सरले.

मग मी आजोबांच्या सूनबाईंकडंही गेले. जायला नको होतं, मायचं काम गेलं असतं. पण रागात गेले. त्यांनी दार उघडलं, आबांची तब्येत विचारली, आत बोलावून चहा दिला. त्यांना नेमकं काय घडलं ते माहीत नव्हतं. मायनं नुसतं ताप वाढला होता म्हणून सांगितलं होतं. मी कप हातात धरून कसंबसं म्हणाले, "काकू, इथून पुढं आईला औषधं देऊ नका." आणि मग सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या बराच वेळ टेबलावरचं कव्हर सरळ करत राहिल्या.

"चांगल्या मनानंच दिलं होतं गं मी."

दिलं होतंच. माझा राग तिथंच अडकतो. वाईट मनानं दिलं असतं तर भांडता आलं असतं. पण मला हेही कळतं, की त्या पिशवीतली एकही गोळी त्यांनी स्वतःच्या मुलाला अशी तोंडी सांगून दिली नसती. आपल्या घरात जे धोक्याचं, ते खालच्या घरात दान कसं होतं? मी हे त्यांना विचारलं नाही. चहा संपवला आणि कप मोरीत ठेवला. सवयीनं विसळायलाही लागले, तेव्हा त्याच म्हणाल्या, राहू दे.

शेवटी आबांनीच सांगितलं, की शहागंजात गोदामाच्या गल्लीत एका म्हाताऱ्या चाचांचं मेडिकल आहे, त्यांना विचार. आबांना खोकला झाला की ते त्यांच्याकडूनच औषध घेतात. मी गेले तेव्हा दुकानात गर्दी होती. मी कडेला उभी राहिले, माझ्यामागून आलेले चार जण औषध घेऊन गेले. मग चाचांनी स्वतःच मला बोलावलं. मी अख्खी गोष्ट सांगितली, पावरच्या शब्दासकट. ते हसले नाहीत. चष्मा काढून हातात धरला.

त्यांनी समजावलं, की त्यांच्या एक्सपायरीच्या खोक्यात बाहेरचं औषध घालता येत नाही. होलसेलवाला पाकिटावरचा नंबर जुळवून बघतो, न जुळणारा माल तसाच परत येतो. पण दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटं हॉस्पिटल आहे. त्यांच्याकडं पिवळी पिशवी असते आणि ती न्यायला गाडी येते, तो कचरा भट्टीत जाळतात. तिथल्या सिस्टर ओळखीच्या आहेत, त्यांना विचारून बघतो म्हणाले. मग काउंटरवरची कात्री बाजूला सारत हळूच बोलले, "बेटा, इस में थोडा कसूर इस कैंची का भी है. मेरी कैंची का भी."

एवढ्या सगळ्या दिवसांत आपल्या वाट्याचं मान्य करणारा तो पहिला माणूस भेटला.

दोन दिवसांनी निरोप आला, घेऊन या. माय स्वतः येणार म्हणाली. त्या दिवशी तिनं दोन घरी खाडा केला. चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं डबा मांडीवर घेतला आणि एकेका तुकड्याचा दोरा सोडायला लागली. तांबडा, काळा, पांढरा, हिरवा. मी म्हणाले, माय, दोऱ्यासकट जाळू दे की. ती म्हणाली, "खूण आपली हाय. ज्याचं आपण नाव सांगू शकत नाय, त्याला आपली खूण ठिवायची नाय." सगळे दोरे गुंडाळून तिनं कमरेला खोचले. मग आम्ही वर गेलो. सिस्टरनी पिशवी आणि डबा पिवळ्या पिशवीत रिकामा केला, तोंड बांधलं आणि आम्हाला जा म्हणाल्या.

माय हलली नाही. गाडी कवा येती, तिनं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, येईल बाराच्या सुमाराला, तुम्ही कशाला थांबता. माय पुन्हा खाली पायरीवर येऊन बसली. चाचांनी तिला आत स्टूल देऊ केलं तरी ती बाहेरच बसली. सव्वाबाराला गाडी आली. पिशव्या चढल्या, दार लागलं, गाडी गर्दीतून हॉर्न वाजवत निघून गेली. तोवर ती तिथंच होती.

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण मी मनात म्हणत होते, हे सगळं ओळखीवर झालं. आबांचा खोकला, चाचांची सिस्टरशी ओळख. ज्याचा बाप शहागंजात राखणदार नाही, त्यानं काय करायचं? दाखला काढायला ओळख लागते, खाट मिळायला ओळख लागते, हे मला माहीत होतं. घरातलं विष टाकायलाही ओळख लागते, हे नवीन कळलं. प्रत्येक मेडिकलमध्ये आधीच एक खोका आहे. त्याच्या शेजारी दुसरा ठेवायचा आहे, बस. मी हे महापालिकेला लिहून दिलं आहे, कॉलेजातही लिहून दिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. भाषा चुकली असेल म्हणून मी ते पत्र दोनदा सुधारून पुन्हा दिलं.

त्या दिवशी गाडी गेल्यावर माय उठली आणि चाचांच्या काउंटरशी आली. पदराची गाठ सोडून तिनं स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट बाहेर काढलं. ती ते घरूनच घेऊन निघाली होती. मला सांगितलेलं नव्हतं.

"वाच," ती मला म्हणाली. "अन कळंना तर कळंना म्हण."

मी नाव वाचलं, तारीख वाचली. मग मला स्वतःचाच भरवसा वाटेना, म्हणून पाकीट चाचांना दिलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान डोलावली. आतून पाण्याचा ग्लास दिला. मायनं गोळी जिभेवर ठेवली, ग्लास रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात तिच्या शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला आणि कसल्यातरी चार गोळ्या मागितल्या. चाचांनी फळीवरून पाकीट काढलं, सवयीनं कात्री उचलली.

"भाऊ," माय त्या माणसाला म्हणाली, "नाव कोणत्या अंगाला हाय ते आधी बघा, मग कापू द्या."

त्या माणसानं तिच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. ही बाई कोण, हे त्याला कळत नव्हतं. चाचांनी पाकीट फिरवलं, नावाची बाजू त्याच्याकडं येईल असं धरलं आणि कापलं. उरलेला चांदीचा तुकडा क्षणभर त्यांच्याच हातात राहिला. त्यांनी पेन घेतलं आणि त्याच्यावर नाव लिहायला लागले.